फाडलेला पहिला कागद

मात्राबाईंचं खरं नाव छापखान्याच्या हजेरीपुस्तकात होतं आणि बहुतेक तिथेच राहिलं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात त्यांनी एकवीस वर्षं मुद्रितं तपासली. सुटलेली मात्रा त्यांना हातभर अंतरावरून दिसायची. जुळणी करणारे म्हणायचे, "बाई नुसत्या दारावरून गेल्या तरी चूक घाबरून आपली आपण सरळ होते." नाव पडलं ते तिथेच, आणि वरवर त्या कितीही रागावल्या तरी ते त्यांना मनातून आवडायचं.

घरी तीच तऱ्हा. नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, स्वभावानं गरीब. 'दुध आणले आहे' अशी चिठ्ठी त्यानं ओट्यावर ठेवली, तर संध्याकाळी त्यातला 'दु' लाल पेनानं दीर्घ झालेला असायचा.

"लग्नाआधी माझ्यावरही खुणा केल्या होत्यास का गं?" तो विचारायचा.

"केल्या होत्या. पण दुरुस्त्या कुठे झाल्या?"

लेक हे ऐकून हसायची. घर असं बरं चाललेलं होतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मात्राबाईंनी कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. छापखान्याचं काम यंत्रांनी निम्म्यावर आणलं होतं, दुपारनंतर वेळ मोकळा होता, हे त्यांनी सगळ्यांना दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं आणि ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी राहतं घर भावाच्या नावावर केलं होतं. भाऊ वडिलांजवळ राहायचा, बाई लांब. महिन्यातून एकदा न चुकता जायच्या, वडिलांच्या औषधांच्या पुड्या बांधून यायच्या. घर मिळालं नाही याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण वडिलांनी ते ना बोलावून सांगितलं, ना कागदात त्यांचं नाव घेतलं. तो कागद त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सवयीनं त्यातल्या चुका शोधल्या. चार सापडल्या. पाचवी म्हणजे आपणच गाळलेलो आहोत, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते तिथे कायमचं रुतून बसलं.

कॉलेजात त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या. शेजारच्या बाकावरची पोरं त्यांच्या वह्या उतरवून घ्यायची. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर यादी लागली: प्रत्येक विद्यार्थ्यानं वर्षभरात तीस तास लोकांचं विनामूल्य काम करायचं. तुरुंगात जाऊन कैद्यांचे अर्ज लिहिणं, कामगार कार्यालयात तक्रारी भरून देणं, कुटुंब न्यायालयाच्या दारात बसून लोकांना कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणं, आणि शेवटी, 'ज्येष्ठांसाठी मृत्युपत्र साहाय्य, दर शनिवारी'.

पोरांची तुरुंगासाठी झुंबड उडाली. तिथे जाऊन आलं की सांगायला काहीतरी मिळतं. मृत्युपत्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मात्राबाईंनी मात्र तिथेच नाव घातलं. लिहिण्याचं काम होतं, आणि लिहिलेलं बिनचूक करणं एवढं एक त्यांना येत होतं.

सल्ला केंद्र म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं आणि पाण्याचा पिंप, आतल्या खोलीत तीन टेबलं, एक कुरकुरणारं कपाट आणि खिडकीत वकील मॅडमची खुर्ची. मॅडमनी चाळीस वर्षं वकिली केली होती आणि आता शनिवार फुकट देत होत्या. बोलणं मोजकं, नजर चष्म्यावरून. पहिल्याच दिवशी त्यांनी नवीन विद्यार्थ्यांना एक नियम सांगितला.

"माणूस पहिल्यांदा येऊन बसतो, तेव्हा तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत एका कागदावर उतरवायचं. वाकडं असो, शिवी असो, अर्धवट असो. व्यवस्थित मसुदा नंतर. तो पहिला कागद फायलीत सगळ्यात वर लागला पाहिजे. कळलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात ठामपणे मात्राबाईंनी.

चौथ्या शनिवारी बॉयलरवाले काका आले. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात त्यांनी उभा जन्म बॉयलर सांभाळला होता. ऐंशीच्या घरातले, कानानं जरा कमी, आणि वाफेच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे खोलीभर ऐकू जाईल असे बोलायचे.

"घर लिहून द्यायचंय," ते बसता बसताच म्हणाले. "दोन खोल्या आहेत. त्या माझ्या सुनेच्या."

मात्राबाईंनी कागद ओढला. "सगळं सांगा काका. सावकाश."

"सावकाश काय त्यात? थोरला पोरगा गेला, सहा वर्षं झाली. ही माझ्याजवळ राहिली. मला पाठ धुता येत नाही, ती धुते. माझ्या तोंडाला चव नसते तर ओरडा तीच खाते. कामावरून येते ती पाय ओढत येते, आणि आल्या आल्या विचारते, गोळी घेतली का. घर तिचं. धाकट्याला काही नको. तो भावाच्या मयताला आला नाही. लिहा तसंच."

मात्राबाईंनी लिहिलं. अगदी तसंच लिहिलं, 'ओरडा तीच खाते'सुद्धा. मग पेन खाली ठेवलं. तिथेच उठून कागद फायलीला लावला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

"काका, धाकटा कुठे असतो?"

"लांब. दिवसभराचा प्रवास."

"फोन करतो का?"

"रविवारी करतो. मी घेत नाही. ती घेते."

दर रविवारी फोन करणारा, लांब राहणारा मुलगा. समोर बॉयलरवाले बसलेले होते, पण मात्राबाईंना दिसत होते स्वतःचे वडील, आणि या खेपेला ते त्यांचं ऐकून घ्यायला तयार होते.

"मयताला का नाही आला, विचारलंत कधी?"

"काय विचारायचं?"

"काका, लांब राहणारं लेकरू परकं नसतं हो. उद्या तुम्ही गेलात आणि त्यानं हा कागद वाचला, त्यात त्याचं नावसुद्धा नाही, तर जन्मभर त्याच्या मनात काय राहील? सुनेला द्याच. पण त्यालाही अर्धं द्या. भांडण तुमच्याबरोबर मिटून जाईल. दोघं एकमेकांना धरून राहतील."

म्हातारा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "असं म्हणता?"

"मला तरी न्याय्य वाटतं."

"तुम्ही शिकलेल्या. लिहा मग तसं."

त्यांनी लिहिलं. या वेळी वाक्यं छान उतरली. 'माझ्या दोन्ही मुलांच्या कुटुंबांवर माझी सारखीच माया असल्याने' अशी सुरुवात झाली. म्हातारे गेल्यावर त्यांनी फाईल लावायला घेतली. पहिला कागद आणि मसुदा यांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. कुणी वाचलं तर गोंधळ होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एक नवा कोरा कागद घेतला, त्यावर नव्या मसुद्याला शोभेल असं काकांचं बोलणं पुन्हा लिहून काढलं, आणि जुना कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. छापखान्यात चुकीचं मुद्रित फाडताना व्हायची तेवढीच हालचाल.

मॅडमनी फाईल चाळली. चष्म्यावरून पाहत विचारलं, "हे त्यांचेच शब्द?"

"हो."

सहीच्या दिवशी दोन साक्षीदार आले. मॅडमनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि विचारलं, "काका, तुमच्या मनासारखं आहे ना?"

बॉयलरवाले म्हणाले, "बाईंनी फार चांगलं लिहिलंय." आणि सही केली. जाताना दारात थांबून ते मात्राबाईंकडे वळले, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. ते गेले.

त्या मसुद्याचं मॅडमनी कौतुक केलं. तीस तास केव्हाच भरले, तरी मात्राबाई शनिवारी जात राहिल्या. आपण एक घर फुटता फुटता वाचवलं, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "वा." त्या 'वा'वर त्या आठवडाभर तरंगत होत्या.

सव्वा वर्षानं, एका शनिवारी सकाळी, एक चाळिशीची बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसली. बोटांची टोकं पांढरी पडलेली, सुरकुतलेली, सतत पाण्यात हात असणाऱ्या माणसाची. तिचा नंबर लागला तो मात्राबाईंच्या टेबलावर. तिनं पिशवीतून दोन कागद काढले. एक पत्र होतं. दुसरा कागद मात्राबाईंनी उलटा असतानाच ओळखला, कारण समासाची रुंदी त्यांनीच ठरवली होती.

"हे तुमच्याकडूनच केलेलं दिसतंय," ती म्हणाली. "शिक्का आहे. सासरे गेले माझे, चार महिने झाले. दिरांचं पत्र आलंय. अर्धं घर त्यांचं आहे, म्हणे विकायचंय. तीन महिन्यांत काय ते ठरवा, नाहीतर कोर्टात वाटणी मागतो. दोन खोल्यांची वाटणी कशी करतात हो? एक खोली त्यांची नि एक माझी असं करता येतं का? मोरी माझ्याकडे आली तर बरं होईल."

ती थट्टा करत नव्हती. तिनं खरंच तेवढा विचार करून ठेवला होता.

मात्राबाईंना उत्तर येत होतं, त्याच सत्रात त्या विषयात त्यांना वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले होते. एवढंसं घर मधोमध चिरता येत नाही, म्हणजे कोर्ट ते विकायला लावणार. मृत्युपत्रात नुसता तिच्या राहण्याचा हक्क लिहिला असता, तरी ती तिथे मरेपर्यंत राहू शकली असती. मात्राबाईंना ते तेव्हा सुचलंच नव्हतं. दोघं एकमेकांना धरून राहतील, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"बसा हं," असं म्हणून त्या उठल्या आणि मॅडमना बोलावून आणलं.

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले आणि बाईला समजावलं, "हे मृत्युपत्र आम्हीच लिहून दिलेलं आहे, म्हणून त्याच्या वादात आम्ही तुमच्या बाजूनं उभं राहणं बरोबर नाही. मी चिठ्ठी देते, दुसऱ्या संस्थेत जा, तिथेही फुकट मदत मिळते." सूनबाईनं चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. उठता उठता म्हणाली, "सासऱ्यांचं बोलणं आधी वेगळं होतं. मला म्हणाले नव्हते कधी, पण शेजाऱ्यांना म्हणाले होते. नंतर मन बदललं असेल. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं. माझंच काही चुकलं असेल सेवा करताना."

ती गेली. मात्राबाई पिंपापाशी जाऊन दोन पेले पाणी प्यायल्या.

त्या दिवशी त्यांनी मॅडमना काही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी डोकं दुखतंय म्हणून गेल्याच नाहीत. 'माझंच काही चुकलं असेल' हे वाक्य त्यांच्यामागे भाजीवाल्याकडे आलं, बसमध्ये आलं, छापखान्यात तर ठाण मांडून बसलं. तिसरीच्या पुस्तकात एका धड्याचं शीर्षकच चुकीचं छापून गेलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जुळणीवाल्यांनी ते त्यांना दाखवलं. कुणी हसलं नाही.

शेवटी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता.

"पण सही तर त्यांनी केली ना?" तो म्हणाला.

"केली."

"कुणी जबरदस्ती नाही केली."

"नाही."

"मग?"

"मग मी कागद का फाडला?"

नवऱ्यानं हातातला सदरा झटकला, चिमटा लावला. मग म्हणाला, "हे तुला मला विचारून भागायचं नाही."

मॅडमच्या समोर त्या उभ्याच राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं. वडिलांच्या घराचंसुद्धा सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपण सबब पुढे करतोय, म्हणून ते मध्येच सोडून दिलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, त्यांचेच शब्द का म्हणून," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही हो म्हणालात."

"हो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "त्यांना मी विचारलं मनासारखं आहे का, तर ते म्हणाले बाईंनी चांगलं लिहिलंय. ते उत्तर नव्हतं. मी ते उत्तर म्हणून घेतलं. घाईत होते, बाहेर आणखी सहा जण बसले होते." मग त्या म्हणाल्या, "म्हणून तुमचं कमी होत नाही. कॉलेजला मी लेखी कळवणार आहे. तुम्ही या खोलीत सध्या येऊ नका. आणि त्या बाईंना हे कळलं पाहिजे, त्यांच्या नव्या वकिलालाही. त्यानं फारसं काही बदलेल असं मला दिसत नाही. सही खरी, साक्षीदार खरे, शुद्धीत केलेली. पण त्यांना कळण्याचा हक्क आहे."

"मी स्वतः सांगू?"

"तुम्हीच सांगा. मी सोबत येते."

बॉयलरवाल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या खोलीत पलंग, त्याच्या बाजूला धरून उठायला भिंतीला ठोकलेली लोखंडी दांडी अजून तशीच. कोपऱ्यात खोकी भरायला घेतलेली. सूनबाई नुकतीच धुलाईखात्यातून आली होती. सासऱ्यांच्या ओळखीनंच तिथे लागली होती. तिनं खुर्च्यांवरचे कपडे उचलून दोघींना जागा केली, पाणी आणलं.

मात्राबाईंनी सांगितलं. येताना बसमध्ये त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. "तुमचे सासरे आधी म्हणाले होते, सगळं घर तुमचं. मी त्यांना वळवलं. मी म्हटलं अर्धं द्या. आणि ते जे पहिल्यांदा बोलले होते तो कागद मी फाडून टाकला." एवढंच, आणि तेही अडखळत.

सूनबाई पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं ना आरडाओरडा केला, ना डोळ्यांना पदर लावला.

"काय बोलले होते?" तिनं विचारलं.

"म्हणजे...?"

"पहिल्यांदा. काय काय बोलले होते? तुमचं नको. त्यांचं सांगा."

मात्राबाईंना ते तोंडपाठ होतं. गेले तीन आठवडे त्या दुसरं काही आठवत नव्हत्या. त्या सांगत गेल्या: मला पाठ धुता येत नाही, ती धुते. माझ्या तोंडाला चव नसते तर ओरडा तीच खाते. कामावरून येते ती पाय ओढत येते, आणि आल्या आल्या विचारते, गोळी घेतली का.

"असं म्हणाले? पाय ओढत?"

"हो."

"त्यांनी कधी बघितलं ते?" सूनबाई स्वतःशीच म्हणाली. "इतक्या वर्षांत मला तोंडावर एक बरा शब्द बोलले नाहीत. भाजीला मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे." तिचा चेहरा क्षणभर असा झाला की ती हसणार की रडणार ते कळेना. मग तो पुन्हा पहिल्यासारखा झाला.

मात्राबाई पुढे झुकल्या. "मी तुमच्या दिरांकडे जाते. आजच फोन करते. त्यांना सगळं सांगते, म्हणजे निदान ते विक्री..."

"नाही." सूनबाईचा आवाज चढला नव्हता, पण मात्राबाई होत्या तिथेच थांबल्या. "त्यांना अर्धं मिळालं हे कळलं तेव्हा ते फोनवर रडले होते. बाबांनी मला माफ केलं वहिनी, म्हणाले. मयताला आले नव्हते ना, म्हणून ते खात होतं त्यांना. तेव्हा त्यांचा अपघात होऊन पाय प्लास्टरमध्ये होता, बाबांना मी शंभरदा सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं नाही. आता हे त्यांना सांगायचं की नाही, ते मी बघीन. ते तुम्ही करायचं नाही. आता तुम्ही काहीही नीट करायला जाऊ नका."

"मला फार..." मात्राबाई म्हणू लागल्या.

"तुम्हाला वाईट वाटतंय ते दिसतंय मला. मी काय करू त्याचं? मला रोज आठ तास उभं राहायचं असतं. तुमचं मन हलकं झालं असेल तर बरं आहे. चहा टाकत नाही, दूध नाहीये."

जिन्यावरून उतरताना मॅडमनी कठडा धरला आणि मात्राबाईंनी मॅडमना.

नव्या वकिलानं मॅडम म्हणाल्या होत्या तेच सांगितलं: मृत्युपत्र टिकणार. सूनबाईनं महिनाभर विचार केला आणि दिराला आपण होऊन सगळं सांगितलं. का सांगितलं ते कुणाला कळलं नाही. मात्राबाईंना हे कळलं ते धाकट्यामुळेच. तो प्रवास करून सल्ला केंद्रावर आला, तिथे त्या नाहीत असं कळल्यावर पत्ता मिळवून छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. वडिलांसारखाच मोठ्यानं बोलणारा, पण चालताना एका पायानं किंचित लंगडणारा.

"तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "तुम्हाला माझी बाजू घ्यायला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं?"

"नाही."

"ते मला काही देणार नव्हते."

"पहिल्यांदा नाही म्हणाले होते."

यंत्र चालू होतं. जुळणीवाले मान खाली घालून कान टवकारून होते. धाकट्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. मघाचा चढा आवाज पार खाली आला.

"पण नंतर तयार झाले ना? तुम्ही म्हणालात म्हणून असेल, पण झाले ना? सही करताना काय म्हणाले? काही तरी म्हणाले असतील. माझं नाव घेतलं का?"

मात्राबाईंना कळत होतं, त्याला काय हवंय. एक वाक्य पुरलं असतं. 'तुमचं नाव घेताना त्यांचा आवाज मऊ झाला होता' असं काहीतरी. ते जिभेवर तयार होतं, व्याकरणशुद्ध. दारात थांबून म्हातारे वळले होते, तेव्हा ते हेच बोलणार असतील, असंही म्हणता आलं असतं. कदाचित ते खरंही असेल.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. जाताना काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत. काय बोलणार होते, मला माहीत नाही."

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर राग असती तर परवडली असती. तो मान हलवून निघून गेला.

घर विकलं गेलं. धाकटा अडून बसला नाही. वहिनीला दुसरी जागा मिळेपर्यंत आठ महिने त्यानं विक्री थांबवली, आणि आपल्या हिश्शातलंही थोडं तिच्या हातावर ठेवायला निघाला होता, पण तिनं ते घेतलं नाही, असं मॅडमकडून कळलं. ती रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायला गेली. रविवारी त्याचा फोन अजून येतो म्हणे.

कॉलेजनं चौकशी केली आणि मात्राबाईंचं एक वर्ष रोखून धरलं. त्यांनी तक्रार केली नाही. शिक्षा कमीच झाली असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटून घेण्यातही आपल्याला थोडा आराम मिळतोय, हे जाणवून त्या आणखी कष्टी झाल्या. ज्या दिवशी त्या पदवी घेऊन घरी आल्या, त्या दिवशी लेकीनं ती भिंतीवर लावायचा हट्ट धरला. त्यांनी ती कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली.

मॅडमनी त्यांना परत घेतलं ते दोन वर्षांनी, आणि ते बाहेरच्या खोलीत. येणाऱ्याला नंबर द्यायचा, तहान लागली तर पाणी द्यायचं, तो बोलायला लागला तर जसंच्या तसं लिहायचं आणि कागद आत पाठवायचा. नवीन पोरं म्हणतात, मावशी फार हळू लिहितात, एका माणसाला पाऊण तास लावतात. लिहून झालं की त्या ते वाचून दाखवतात आणि विचारतात, "असंच म्हणालात ना?" माणूस 'ठीक आहे' म्हणाला तर पुन्हा विचारतात. काही माणसं वैतागतात.

मध्ये एकदा एक आजी आल्या होत्या. तीन मुलींपैकी एकीला सगळं द्यायचं म्हणत होत्या, धाकटीला, आणि कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला ती आवडते." बाकीच्या दोघी? "त्या नाही आवडत." मात्राबाईंचा हात कागदावर थांबला. त्या दोन नावडत्या मुली त्यांच्या डोळ्यांसमोर अगदी चेहऱ्यामोहऱ्यासकट उभ्या राहिल्या. काही बोलावं असं वाटून त्यांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी 'त्या नाही आवडत' असं लिहिलं, आजींना वाचून दाखवलं, आणि आतल्या खोलीत मॅडमकडे पाठवलं.

घरी आल्यावर त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं.

"मग, बरोबर केलंस की," तो म्हणाला.

"कुणास ठाऊक," मात्राबाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.